बंब आल्यावर जवान लगेच आत का धावत नाहीत?

उन्हाळा लागला की नागपुरात आगीच्या बातम्या सुरू होतात. लकडगंजातली आरा मशीन, कळमन्यातलं गोदाम, हिंगण्याच्या एमआयडीसीतला कारखाना, इतवारीतलं कापडाचं दुकान. गर्दी जमते, मोबाइल वर होतात आणि बंब येऊन थांबला की मिनिटभरात कुणीतरी ओरडतंच, "काहून उभे आहेत बे हे? पाणी मारा ना!" त्या वेळी एक अधिकारी इमारतीभोवती चक्कर मारत असतो, दोघं होज, म्हणजे पाण्याचे जाड पाइप, अंथरत असतात, आणखी दोघं पाठीवर सिलिंडर चढवत असतात. आग डोळ्यांसमोर भडकलेली असते, म्हणून बघणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो.

अग्निशमन जवानाच्या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड भाग त्याच दोन मिनिटांत कामाला येतो. होज पकडणं, शिडी चढणं, दोराच्या गाठी मारणं धडधाकट तरुण काही आठवड्यांत शिकतो. आत माणूस अडकलाय असं लोक ओरडत असताना दारापुढे थांबायचं, बघायचं आणि मग पाऊल टाकायचं, हे अंगात मुरायला वर्षं लागतात. ते थांबणं का गरजेचं आहे, हे समजायचं तर आधी आगीपासून सुरुवात करावी लागेल.

जळतं काय? लाकूड की धूर?

लाकूड, कापड, गादी या वस्तू थेट जळत नाहीत. तापल्या की त्यांतून वायू सुटतात आणि ते वायू पेट घेतात. खोलीत हवा कमी पडली की यातले बरेचसे वायू न जळताच धुरात राहतात. म्हणजे खिडकीतून बाहेर पडणारा काळा धूर हे न जळलेलं इंधनच असतं. चुलीवर स्वयंपाक केलेल्यांना हे सांगायला नको. ओली काटकी नुसती धुमसत असते, घरभर धूर होतो, आणि फुंकणीने एक फुंकर मारली की तोच धूर भक्कन पेटतो.

बंद खोलीत हा तापलेला धूर वर चढून छताखाली साठतो. त्याचं तापमान ५०० ते ६०० अंशांच्या आसपास गेलं की वरून इतकी धग खाली फेकली जाते की पलंग, पडदे, टेबल, जमिनीवरची सतरंजी असं सगळं जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. तोवर 'खोलीत आग' होती, त्यानंतर 'खोलीच आग' असते. साध्या कपड्यातला माणूस त्यात वाचत नाही. पूर्ण संरक्षक पोशाखातल्या जवानाच्या हातातही बाहेर पडायला काही सेकंदच असतात.

आजची घरं या बाबतीत जास्त धोक्याची आहेत. जुन्या घरात सागवानी पलंग आणि कापसाची गादी असायची. आता फोमचा सोफा, फोमची गादी, प्लायवुड, प्लॅस्टिक आणि सिंथेटिक पडदे आहेत. अमेरिकेत दोन्ही प्रकारच्या खोल्या मुद्दाम पेटवून चाचण्या घेतल्या गेल्या. जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला, नव्या सामानाची पाच मिनिटांच्या आत पेटली. म्हणजे फोन लागेपर्यंत, बंब निघेपर्यंत आणि रस्त्यावरची गर्दी कापत पोचेपर्यंत ती वेळ अनेकदा उलटून गेलेली असते. जवान येतात तेव्हा आग सगळ्यात बेभरवशाच्या टप्प्यावर असते.

दुसरा धोका याच्या उलट आहे. दारं-खिडक्या घट्ट बंद असल्या तर आग आतली हवा खाऊन मंदावते. बाहेरून ज्वाळा दिसत नाहीत, आग विझल्यासारखी वाटते. आत मात्र खोली तापलेल्या, न जळलेल्या वायूंनी भरलेली असते. अशा वेळी उत्साहाच्या भरात कुणी दार उघडलं, की ते फुंकणीचं काम करतं. हवा आत ओढली जाते आणि सगळं दाराच्या दिशेने स्फोटासारखं बाहेर येतं. याला बॅकड्राफ्ट म्हणतात. दुकानाचं शटर वर करताना होणाऱ्या दुर्घटनांच्या मुळाशी अनेकदा हेच असतं.

ती चक्कर कशासाठी?

अधिकारी इमारतीभोवती फिरतो तेव्हा तो मुख्यतः धूर बघत असतो. धुराच्या रंगापेक्षा त्याचा वेग जास्त बोलका असतो. धूर आळसावल्यासारखा तरंगतोय की दाबाने बाहेर ढकलला जातोय? दाराच्या फटीतून तो बाहेर येतो आणि पुन्हा आत ओढला जातो का? खिडकीच्या काचा काजळीने काळ्या झाल्यात, हात लावला तर पोळतात, पण ज्वाळा कुठेच नाही, असं आहे का? शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर त्या दाराला कुणी हात लावायचा नाही. आधी होज भरून तयार ठेवायचा, शक्य असेल तिथे वरच्या बाजूने धुराला वाट करून द्यायची आणि दाराच्या समोर न राहता बाजूला उभं राहून ते थोडंसं उघडायचं.

याच फेरीत जिना कुठे आहे, विजेचं मीटर कुठे आहे, गॅसची सिलिंडरं आहेत का, शेवटचा माणूस कुणाला कुठे दिसला, हेही कळतं. इतवारी-महालात ही फेरी मारताच येत नाही, कारण घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिथे एकाला मागच्या बोळात पाठवावं लागतं, नाहीतर शेजारच्या गच्चीवर चढवावं लागतं. पुस्तकातली कृती आपल्या गल्लीत कशी बसवायची, हे स्थानिक स्टेशनातल्या सरावातूनच शिकता येतं.

पाणीच तर मारायचंय, त्यात शिकायचं काय?

हा प्रश्न मला अनेकदा ऐकायला मिळतो आणि तो रास्त आहे. साडेचार हजार लिटरचा बंब धरा. मिनिटाला साडेचारशे लिटर फेकणारी एक लाइन, म्हणजे पंपाला जोडलेला एक होज, चालवली तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. पुढचा टँकर यायच्या आधी पाणी संपलं आणि माणसं आत असली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे पंप चालवणाऱ्याचं शिक्षण आत जाणाऱ्याइतकंच महत्त्वाचं ठरतं. किती मजले वर दाब द्यायचा, होज किती जोडले, जवळचा हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ, चालू आहे की कोरडा, हा सगळा हिशोब त्याच्या डोक्यात चालू असतो.

दुसरी बाब वाफेची. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा व्यापते. हीच वाफ आग थंड करते आणि हीच वाफ माणसाला भाजते. छोट्या तापलेल्या खोलीत एकदम भरमसाट फवारा सोडला तर छताखालची गरम हवा ढवळून खाली येते, आणि जमिनीलगत रांगत असलेला जवान किंवा बेशुद्ध पडलेलं माणूस वाफाळून निघतं. म्हणून नोझल, म्हणजे होजचं तोंड, क्षणभर उघडून छताकडे छोटे छोटे झोत सोडायला शिकवतात. धूर थंड करायचा, वर बघायचं, अंदाज घ्यायचा, पुन्हा एक झोत. बाहेरून बघणाऱ्याला ही कंजुषी वाटते.

खिडक्या फोडण्याचंही तसंच आहे. योग्य वेळी फोडलेली खिडकी धूर बाहेर काढून आतल्या माणसाला श्वास देते. पाणी तयार नसताना फोडलेली खिडकी आगीला हवा देते. उत्साही शेजाऱ्यांनी दगड मारून काचा फोडणं म्हणूनच घातक आहे.

पाठीवरचं सिलिंडर

आगीत दगावणारी बहुतेक माणसं भाजून नाही, धुराने जातात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. फोम जळला की त्यात सायनाइडची भर पडते. या हवेत काही श्वास घेतले तरी हातपाय ऐकेनासे होतात, डोकं चालत नाही. तोंडाला ओला रुमाल बांधून हे वायू गाळले जात नाहीत.

म्हणून जवान बीए सेट घालतो. बीए सेट म्हणजे स्वतःची हवा सोबत नेणारं श्वसनयंत्र. त्यात ऑक्सिजन असतो असं अनेकांना वाटतं, पण ती साधी, दाबून भरलेली स्वच्छ हवा असते. सहा लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबाने भरलं की १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरली तर ती कागदावर ४५ मिनिटं पुरते. पण वीस किलोच्या वर ओझं अंगावर घेऊन, होज ओढत जिना चढणारा माणूस याच्या दुप्पट हवा ओढतो. शेवटची हवा राखीव धरली तर हातात वीस मिनिटंही उरत नाहीत. त्यातली परतीची वेगळी काढायची. हवा संपत आली की सेटची शिटी वाजते, पण चांगल्या तुकडीत शिटी वाजेपर्यंत जवान बाहेर आलेला असतो. दाराशी एक जण फळा घेऊन उभा असतो. कोण आत गेला, किती वाजता, तेव्हा दाब किती होता, हे तो लिहितो आणि वेळ झाली की बोलावून घेतो. हा माणूस बाहेर उभा दिसतो, म्हणून गर्दी त्याच्यावरही ओरडते.

हे शिक्षण जवळून बघण्यासारखं असतं. आधी मुखवटा. पट्टे खालून वर ओढायचे, नळीचं तोंड तळहाताने बंद करून श्वास घ्यायचा. मुखवटा गालांना चिकटला तर ठीक, कुठून हवा शिरली तर पुन्हा पहिल्यापासून. दाढी वाढलेली असली तर तो नीट बसतच नाही, म्हणून दाढीबद्दल उस्ताद कडक असतात. मग मुखवट्याच्या काचेवर काळं कापड लावून धुराने भरलेल्या खोलीत सोडतात. आत काही म्हणजे काही दिसत नाही. एक हात कायम भिंतीवर. उजव्या हाताने भिंत धरून आत गेला, तर वळून येताना तीच भिंत डाव्या हाताला लावून बाहेर यायचं. भिंत सोडली की माणूस हरवला. पुढे चाचपडायचं ते तळहाताने नाही, हाताच्या पाठीने. तुटकी वीजवाहिनी तळहाताला लागली तर विजेच्या धक्क्याने मूठ तिच्यावरच आवळली जाते. हाताच्या पाठीला लागली तर हात झटकन मागे येतो. पाऊल टाकताना वजन मागच्या पायावर, पुढचा पाय घासत न्यायचा, खाली फरशी आहे की खड्डा ते बघायचं आणि मगच भार द्यायचा. पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात हात घालून बघायचं, कारण घाबरलेली लहान मुलं पळत नाहीत, लपतात.

या खोलीतून पहिल्यांदा बाहेर आलेला तरुण कसा थरथरत असतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सरावाचं मोल पटवून द्यावं लागत नाही.

पंचेचाळीस अंशांतला पोशाख

आगीचा पोशाख बाहेरची धग आत येऊ देत नाही, तशीच शरीराची उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा सावलीतही पारा ४५ च्या पुढे असतो, तेव्हा हा पोशाख घालून पंधरा मिनिटं राबणं हृदयाची परीक्षा असते. अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावणाऱ्या जवानांपैकी जवळपास निम्मे हृदयविकाराने जातात. त्यामुळे तुकड्या आळीपाळीने आत पाठवणं, बाहेर आल्यावर पोशाख उघडून सावलीत बसवणं आणि पाणी पाजणं हेही शिकावं लागतं. बसलेला जवान दिसला की "हे बघा, आराम करतायत" असा व्हिडिओ फिरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणखी एक गोष्ट: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम मानवी कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. काजळीने माखलेला पोशाख मर्दानगीची खूण म्हणून तसाच घालायचा नसतो, तो धुवायचा असतो.

'छातीचा माणूस पाहिजे, शिक्षणाने काय होतं?'

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. ती कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने चार अनुभवी अधिकारी गमावले. त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर होते. त्यांना धैर्य कुणी शिकवायची गरज नव्हती. अशा घटनांतून जगभरच्या दलांनी काढलेला धडा धैर्याबद्दल नाही, तो निर्णयाबद्दल आहे. जुनी लाकडी तुळयांची इमारत किती वेळ जळतेय, भिंतींना पोट आलंय का, आत अजून कुणी जिवंत असण्याची शक्यता आहे का? माणूस वाचू शकत असेल तर मोठा धोका पत्करायचा, नुसता माल असेल तर थोडा, आणि जे आधीच गेलंय त्यासाठी अजिबात नाही. बाहेर या, बाहेरून लढा, असा हुकूम वेळेवर देणारा अधिकारी घडवावा लागतो. महाल-इतवारीत लाकडी माड्यांची घरं अजून उभी आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे.

निर्णय एकाच्याच हाती असणंही तितकंच गरजेचं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं, यावर अनेक अधिकाऱ्यांची अनेक मतं होती. शेवटचा शब्द कुणाचा, हेच ठरलं नाही. दुपारी चारनंतर स्फोट झाला आणि त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. आज घटनास्थळी एकच प्रमुख, आणि एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, अशी रचना शिकवतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. एमआयडीसीच्या मोठ्या आगीत महापालिकेचे, एमआयडीसीचे आणि कारखान्यांचे बंब एकत्र येतात. त्यांनी आधी कधी एकत्र सराव केला नसेल तर ही रचना कागदावरच राहते.

खरी आग लावून सराव करणं धोक्याचं नाही का?

आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डर गावी सरावाच्या आगीतच दोन जवान मेले. त्यानंतर १९८६ मध्ये तिथे अशा सरावाचे लेखी नियम आले, आणि आजही अनेक देश त्यांचा आधार घेतात. काय जाळायचं ते आधी ठरलेलं असावं, सुरक्षेवर लक्ष ठेवणारा वेगळा अधिकारी असावा, दुसरी भरलेली लाइन तयार असावी, आणि 'अडकलेला माणूस' म्हणून खऱ्या माणसाला आत ठेवू नये, पुतळा ठेवावा. धोका आहे म्हणून खऱ्या धगीशी ओळखच करून द्यायची नाही, हा मार्ग मला पटत नाही. मग ती ओळख पहिल्यांदा आपल्या घरातल्या आगीत होईल.

एकदा कोर्स झाला की पुरे का होत नाही?

देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही संस्था १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झाली आणि १९५७ मध्ये इथे आली. सब ऑफिसरपासून वरच्या पदांपर्यंतचे कोर्स इथे चालतात, फायर इंजिनिअरिंगची पदवीही मिळते. हे भूषण आहेच. पण बीए सेटचा मुखवटा वर्षभर घातला नाही तर बोटं विसरतात, आणि गाठ सहा महिने मारली नाही तर अंधारात सुटत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर टिकतं, कौशल्य हातात टिकवायला रोज सराव लागतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं की माणसंच कमी आहेत, ड्रिल कधी करणार? अडचण खरी आहे आणि पदं भरणं हा सरकारचा आणि महापालिकेचा विषय आहे. तरीही प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला अर्धा तास, आज मुखवटा, उद्या शिडी, परवा पंप, एवढं कुठल्याही स्टेशनात होऊ शकतं. नवे धोकेही थांबलेले नाहीत. ई-रिक्षा आणि ई-स्कूटरची लिथियम बॅटरी विझली असं वाटल्यावर तासाभरानेही पुन्हा पेटू शकते आणि तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीच्या बाजूने पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा याच जवानांना बोटी घेऊन लोकांना घरांतून काढावं लागलं.

नवी गाडी आली की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. ड्रिलचा फोटो कुणी छापत नाही, म्हणून अंदाजपत्रकात तिची आठवणही होत नाही. प्रभागाच्या नगरसेवकाला आपण नव्या बंबाबद्दल विचारतो, तसंच आपल्या स्टेशनात शेवटचा धुराचा सराव कधी झाला, तेही विचारायला हवं.

बंब येईपर्यंतची पाच मिनिटं

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. अशा ठिकाणी पहिली काही मिनिटं बाहेरून कुणीही पोचू शकत नाही. तेव्हा आत असतात त्या नर्स, वॉर्डबॉय आणि रखवालदार. रुग्णालयात, शाळेत, मॉलमध्ये काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण हा अग्निशमनाच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत ते मागून बघा.

आग लागलीच तर १०१ किंवा ११२ वर फोन करा. पत्ता आणि जवळची खूण सांगा, काय जळतंय आणि कितवा मजला तेही सांगा, आणि समोरचा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. बाहेर पडताना पेटलेल्या खोलीचं दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. बंद दार आगीची हवा तोडतं आणि जिना धुरापासून काही काळ वाचवतं. गल्लीतल्या गाड्या हलवा. बंब आला की "आत जा" असं ओरडू नका. पुढे होऊन अधिकाऱ्याला सांगा, "दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत, एक आजी आहेत, त्यांना चालता येत नाही, सिलिंडर स्वयंपाकघरात डाव्या हाताला आहे."